बस मागायची तर माणसे कशी मोजायची?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावाच्या युवक मंडळाने प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा: २०११ च्या जनगणनेत गावची लोकसंख्या साडेसहाशेच्या आसपास आहे, पंच म्हणतात आज नऊशे आहे, मतदारयादीचा हिशेब आणखी तिसराच. सरकारी कागदावर गावात ‘बससेवा उपलब्ध’ आहे. प्रत्यक्षात सकाळी एक बस जाते, दुपारी एक येते, आणि संध्याकाळी पाचनंतर वाळपईहून, म्हणजे तालुक्याच्या गावाहून, घरी यायचे तर कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून. ग्रामसभेपुढे अर्ज ठेवायचा आहे. त्यात लोकसंख्या कोणती लिहायची, आणि अमुक लोकसंख्येला तमुक फेऱ्या असा काही नियम आहे का?

माझी नोकरी आकडेवारी आणि ग्रामीण वाहतुकीच्या नियोजनात गेली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी नियमाचे, कारण अर्धा घोळ तिथेच आहे. लोकसंख्येचा निकष असतो तो रस्त्याला. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगराळ व आदिवासी भागांत २५० लोकवस्तीची मर्यादा होती. तीही महसुली गावाला नव्हे, वस्तीला. पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्या एकत्र धरून बेरीज करायची मुभा होती. बसच्या बाबतीत मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये असे कोणतेच कोष्टक नाही. तिथे निकष आहे लोकांच्या सोयीचा, आणि सोय किती होणार हे ज्याला बस हवी त्याने दाखवून द्यायचे असते. ‘आमची लोकसंख्या नऊशे, आम्हाला बस द्या’ एवढेच लिहिलेला अर्ज वाचून अधिकाऱ्याला काय करायचे ते कळत नाही, म्हणून तो फायलीत जातो. ‘सकाळी आठच्या आत वाळपईत पोचायचे असलेले आमच्या तीन वाड्यांत इतके जण, संध्याकाळी सहानंतर परतणारे इतके’ असे लिहिले की त्याला बसची वेळ आणि सीट दिसू लागतात.

म्हणजे लोकसंख्येचा आकडा अर्जात हवा, पण तो पहिल्या ओळीत लिहून पुढे जायचे. खरा अर्ज त्यानंतर सुरू होतो.

आता लोकसंख्या कोणती हा प्रश्न. गोव्याचेच उदाहरण घेऊ, म्हणजे आकडे कसे फसवतात ते दिसेल. २००१ मध्ये गोव्याची ग्रामीण लोकसंख्या ६,७७,०९१ होती. २०११ मध्ये ती ५,५१,७३१ झाली. दहा वर्षांत सव्वा लाखाने कमी. वरवर पाहणारा म्हणेल, गावे ओस पडली. तसे झालेले नाही. याच काळात राज्याची एकूण लोकसंख्या १३,४७,६६८ वरून १४,५८,५४५ वर गेली. घडले ते असे की बरीच मोठी गावे ‘जनगणना शहरे’ ठरली. ज्या गावात किमान ५,००० लोक आहेत, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० ची घनता आहे आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आहेत, त्या गावाला जनगणना खाते शहर म्हणून मोजते, मग तिथे पंचायत का असेना. गोव्यात अशी शहरे २००१ मध्ये ३० होती, ती २०११ मध्ये ५६ झाली. त्यामुळे राज्य कागदावर ६२ टक्के शहरी झाले. माणसे होती तिथेच राहिली, रकाना बदलला.

याचा तुमच्याशी संबंध काय? संबंध असा की ‘गोवा शहरी राज्य आहे’ या समजातून जे वाहतुकीचे आराखडे होतात ते पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा यांच्याभोवती फिरतात. राज्याची घनता दर चौरस किलोमीटरला ३९४ आहे. सत्तरी तालुक्यात २०११ ला ६३,८१७ लोक होते आणि घनता १३० च्या आसपास. म्हणजे तेवढीच माणसे बसमध्ये भरायला तुमच्या बसला तिप्पट फिरावे लागते. तुमची अडचण राज्याच्या सरासरीत दिसणारच नाही.

आता तुमच्या गावचे साडेसहाशे. हा आकडा टाकून देऊ नका. अधिकृत आहे, कोणी त्यावर वाद घालत नाही, अर्जात तोच पहिला लिहा. पण तो काय सांगतो ते ओळखून असा. जनगणनेत माणूस त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजला जातो. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली, संदर्भ होता १ मार्चच्या पहिल्या क्षणाचा. पणजीला वसतिगृहात राहणारी मुलगी पणजीत मोजली गेली. वेर्ण्याला खोली घेऊन राहणारा मुलगा दर शनिवारी घरी येत असला तरी तो तिकडचाच. उलट, कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, राबायला आलेले परराज्यातले कुटुंब फेब्रुवारीत तुमच्याकडे असेल तर ते तुमच्या साडेसहाशेत आहे.

मतदारयादीचे उलटे. नोकरीसाठी बाहेर गेलेला, लग्न होऊन गेलेली, दोघांचीही नावे वर्षानुवर्षे यादीत राहतात. मतदानाला गाव भरतो, बस मात्र मतदानाच्या दिवसासाठी मागायची नाही. पंचांचे नऊशे कुठून आले ते त्यांना विचारा. बहुतेक वेळा घरपट्टीची घरे गुणिले साडेचार-पाच असा तो हिशेब असतो. त्यात गोची ही की गोव्यात बंद घरे फार. २०११ च्या घरयादीत राज्यातले सुमारे पाचातले एक घर रिकामे आढळले होते. चतुर्थीला कुलूप निघते, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधली जाते, दीड, पाच किंवा सात दिवसांनी गणपती विसर्जन झाले की पुन्हा कुलूप. म्हणून पाहणी चतुर्थीच्या आगेमागे करू नका, मे महिन्यातही नको, शिगम्यातही नको. शाळा चालू असलेला साधा आठवडा निवडा. पावसाळ्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा अशा दोन वेळा झाली तर उत्तम.

गावात सगळ्यात भरवशाची यादी अंगणवाडी सेविकेकडे असते. ती घरोघर फिरते, कोणत्या घरात किती माणसे, किती लहान मुले, कोण गरोदर हे तिला तोंडपाठ असते. उपकेंद्राच्या नर्सबाईंची वहीही तशीच. या दोघींना बरोबर घेतल्याशिवाय पाहणीला हात घालू नका. मात्र घराघरातली आरोग्याची माहिती त्यांच्याकडून कागदावर उतरवून घेऊ नका. घर उघडे की बंद आणि रात्री झोपणारी माणसे किती, एवढेच पुरे.

आणि गाव म्हणून मोजू नका. वाडा म्हणून मोजा.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात दुर्लक्षित गोष्ट हीच. आपले गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने बसलेली वस्ती नसते. एक वाडा देवळाजवळ, एक ओहोळापलीकडे, एक वर काजूच्या माळावर, आणि त्याच्याही वर गवळी-धनगरांची चार-आठ घरे, जी कोणाच्याच गणतीत नीट येत नाहीत. बस येते ती तिठ्यापर्यंत. ज्याचे घर तिठ्यावर त्याला बस आहे, ज्याचे घर दोन किलोमीटर वर त्याला नाही, पण दोघेही एकाच महसुली गावात, त्यामुळे दोघांच्याही नावापुढे ‘उपलब्ध’.

हा ‘उपलब्ध’ शब्द येतो कुठून तेही पाहून ठेवा. जनगणना खाते दर जिल्ह्याची एक पुस्तिका काढते. तिच्या ग्रामनिर्देशिकेत प्रत्येक महसुली गावापुढे सार्वजनिक बस, खाजगी बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, टॅक्सी, फेरी असे रकाने असतात. सोय गावात असली तर हो. नसली तर जवळची सोय किती लांब ते तीन टप्प्यांत: पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, दहाच्या पुढे. दिवसातून एकदा बस आली तरी हो आणि दर वीस मिनिटांनी आली तरी हो. रविवारी येते का, पावसाळ्यात येते का, परत जायला मिळते का, याला रकानाच नाही. पुस्तिका खोटे बोलत नाही, तिला तेवढेच विचारले होते. उत्तर गोव्याची पुस्तिका उघडून तुमच्या गावची ओळ पाहा आणि ती अर्जाला जोडा. ‘कागदावर असे आहे, प्रत्यक्षात असे आहे’ हे शेजारी शेजारी दिसले की पुढचे बोलणे सोपे जाते.

रस्त्याबाबतही असेच. ग्रामीण भागातल्या किती लोकांच्या घरापासून दोन किलोमीटरच्या आत बारमाही रस्ता आहे, हा जगभर वापरला जाणारा निर्देशांक आहे. गोव्यासारख्या राज्यात त्यात फारसे काही काढण्यासारखे उरत नाही. डांबर जवळजवळ सगळीकडे पोचले आहे. पण त्या डांबरावर संध्याकाळी सात वाजता काय धावते, हा प्रश्न त्या निर्देशांकाला पडत नाही. चोर्ला घाटाच्या रस्त्यालगत, पर्ये-केरीच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा. दारासमोरून बेळगावच्या गाड्या दिवसभर जातात. त्या लांब पल्ल्याच्या असतात, मधल्या वाड्यावर थांबत नाहीत. रस्ता उत्तम, वर्दळ भरपूर आणि तरी बस नाही.

म्हणून मी मोजणीचे एकक म्हणून परतीचा प्रवास धरतो. घरातून निघून कामाच्या ठिकाणी वेळेत पोचता येते का, तिथे काम होण्याइतका वेळ मिळतो का, आणि त्याच दिवशी घरी परत येता येते का. तिन्हींना होकार असेल तरच त्या माणसाला त्या ठिकाणाची सोय आहे असे म्हणायचे. जाण्याची बस आहे आणि परतीची नाही, तर ती शून्य धरायची. अर्धी धरायची नाही.

ही कसोटी तुमच्या दोन फेऱ्यांना लावून बघा. वाळपईच्या उच्च माध्यमिकात जाणाऱ्या मुलीला सकाळची बस चालते, दुपारची परतीची कदाचित चालते, पण प्रॅक्टिकल असले की चुकते. होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्याला सकाळची बस उशिराची आणि दुपारच्या पाळीवाल्याला रात्री काहीच नाही. त्याचा शून्य. बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ओपीडीत दाखवायचे असलेल्या म्हातारीला वाळपईत गाडी बदलून पणजी, तिथून पुन्हा बदलून बांबोळी. नंबर लागून, औषधे घेऊन ती वाळपईत परत येईपर्यंत दुपारची बस गेलेली. तिचाही शून्य. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजी, कोकमे, नारळ घेऊन जाणाऱ्या बाईला पहाटे निघायला हवे. शून्य. तलाठी, मामलेदार, बँक यांच्या कामाला वाळपईत जाणाऱ्याला मात्र दोन्ही बस बरोबर पडतात. पाच गरजांत एक पुरती भागली, दुसरी कधी भागते कधी नाही. तुमच्या गावची ‘उपलब्ध’ बससेवा ही अशी.

आता घरोघरच्या पाहणीचे. फॉर्म एका पानाचा ठेवा. वाडा, घराचा क्रमांक, रात्री झोपणारी माणसे. मग दहा वर्षांवरच्या प्रत्येकाला एकच प्रश्न: काल, किंवा काल सुट्टी असेल तर त्याआधीच्या कामाच्या दिवशी, गावाबाहेर गेला होता का? गेला असेल तर कुठे, किती वाजता पोचायचे होते, तिथून किती वाजता सुटला, कशाने गेला, कशाने आला, खर्च किती. ‘बस सुरू झाली तर जाल का’ असे चुकूनही विचारू नका. सगळे हो म्हणतात. बस सुरू होते, आणि पंधरा दिवसांनी तीत चार माणसे असतात. वाहतूक पाहणीत कालचा दिवस विचारायची पद्धत याचसाठी रुळली आहे, कारण कालचे माणूस खरे सांगतो.

यातून एक गट मात्र निसटतो: जे गेलेच नाहीत ते. जायचे होते, पण सोय नव्हती. त्यांच्यासाठी वेगळा प्रश्न ठेवा: गेल्या महिन्यात जायचे ठरवून जाता आले नाही असे काही झाले का? इथे घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना स्वतः विचारा. घरातला कर्ता पुरुष त्यांच्या वतीने ‘नाही नाही, आमच्याकडे गाडी आहे’ असे सांगून मोकळा होतो.

गाडी आहे, हे खरेच आहे. २०११ मध्येच गोव्यात निम्म्याहून अधिक घरांत दुचाकी आणि सुमारे चौथ्या हिश्शाच्या घरांत चारचाकी होती. देशात इतके प्रमाण क्वचितच कुठे. त्यानंतर तर विचारायलाच नको. पण घरात एक स्कूटर असली तर ती सकाळी कामावर जाणाऱ्याबरोबर जाते आणि रात्री येते. दिवसभर घरी राहणाऱ्या तिघांना ती स्कूटर नसल्यासारखीच. गिअरची दुचाकी अठरा पुरी झाल्याशिवाय कायद्याने चालवता येत नाही, सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतचीच परवानगी आहे, म्हणजे अकरावी-बारावीची मुले एकतर मागे बसतात नाहीतर बेकायदा चालवतात. फॉर्ममध्ये ‘दुचाकी आहे का’ याऐवजी ‘काल सकाळी दहा वाजता घरात चावी होती का आणि ती चालवू शकणारे कोण होते’ असे विचारा. उत्तरे एकदम वेगळी येतात.

घरोघरची पाहणी झाली की तिठ्यावर बसून मोजणी करा. सकाळी सहा ते नऊ, संध्याकाळी चार ते आठ. दोन साधे दिवस, एक रविवार, आणि बाजारासाठी एक शुक्रवार. बसमध्ये चढणारे, उतरणारे, आणि दुचाकीवर मागे बसून जाणारे वेगळे लिहा. मागे बसलेला माणूस हा तुमचा उद्याचा बसप्रवासी. खडूने रेघा मारून मोजले तरी चालते.

आता संध्याकाळची फेरी बंद का झाली, ते बसमालकाच्या बाजूने पाहू, नाहीतर अर्ज नुसत्या तक्रारीचा होतो. समजा वाळपई ते गाव १४ किलोमीटर. जाऊन-येऊन २८. बस लिटरला पाच किलोमीटर देते असे धरा, साडेपाच लिटर डिझेल, लिटरला नव्वदच्या घरात म्हटले तर नुसत्या डिझेलचेच पाचशे रुपये. वीस रुपये तिकीट धरले तर दोन्ही बाजू मिळून पंचवीस माणसे बसली तेव्हा कुठे डिझेल सुटले. ड्रायव्हर, कंडक्टर, टायर, विमा, कर्जाचा हप्ता अजून शिल्लकच. संध्याकाळी गावाकडे येताना बस भरेल, पण परत वाळपईला जाताना रिकामी. म्हणजे मालकाला एका बाजूच्या पैशात दोन बाजू चालवायच्या. त्यात अनुदानित शाळांना बालरथ, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्या, मिळाले. मुलांसाठी ते चांगलेच झाले, पण सकाळ-दुपारच्या बसचे ठरलेले प्रवासी त्यात गेले. मुलांच्या जोरावर चालणारी फेरी तोट्यात आली आणि तिच्याबरोबर आजी-आजोबांचीही बस गेली. हे कोणी ठरवून केले नाही. दोन खात्यांनी एकमेकांना न विचारता आपापले काम केले की असे होते.

यावर जुना उपाय आहे तो मुक्कामी बसचा. शेवटची बस संध्याकाळी भरून गावात येते, रात्री तिथेच राहते, सकाळची पहिली फेरी म्हणून भरून जाते. रिकामी धाव उरत नाही. सकाळी लवकरची आणि संध्याकाळी उशिराची या दोन्ही मागण्या एकाच गाडीत भागतात. ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला पंखा असलेली खोली, संडास, पाणी आणि बस उभी करायला सपाट जागा एवढे लागते. मंडळाची खोली किंवा पंचायतीचे सभागृह देण्याची तयारी अर्जातच लिहा. राज्याचे कदंब परिवहन महामंडळ १९८० पासून आहे, तिथल्या वेळापत्रक आखणाऱ्याला ही भाषा लगेच कळते. खाजगीत तर याहून सोपे सूत्र दिसते: ज्या गावात बसमालक राहतो त्या गावाला पहिली आणि शेवटची बस मिळते, कारण गाडी रात्री त्याच्या दारातच उभी असते. तुमच्या पंचायतक्षेत्रात एखादा तरुण छोटी बस घ्यायच्या विचारात असेल तर त्याला हा हिशेब दाखवा. खाजगी गाड्या कदंबच्या व्यवस्थेखाली चालवण्याची ‘म्हजी बस’ योजनाही आहे, तिची आजची कलमे महामंडळाकडून समजून घ्या.

कायद्याचा भाग आता. इथे लोक उगाच घाबरतात. तुमच्या मार्गावर सध्या जी खाजगी बस चालते तिला टप्पा वाहतुकीचा, म्हणजे वाटेत प्रवासी चढवत-उतरवत जाण्याचा, परवाना आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ७२ प्रमाणे त्या परवान्याला अटी घालता येतात: मार्ग, दिवसाच्या किमान व कमाल फेऱ्या, आणि मंजूर वेळापत्रक गाडीत व थांब्यांवर लावणे. माझा अनुभव असा की ‘आम्हाला संध्याकाळची बसच दिलेली नाही’ म्हणणाऱ्या गावांत पुष्कळदा ती फेरी परवान्यात असते, चालवली मात्र जात नाही. म्हणून पहिले पाऊल नवीन बस मागण्याचे नको. वाहतूक खात्याकडे माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका: या मार्गावर किती परवाने, प्रत्येकाचे मंजूर वेळापत्रक काय. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. तुमच्या तिठ्यावरच्या मोजणीशी ते ताडून पाहा. फेरी कागदावर असून धावत नसेल तर अटीचा भंग झाला, आणि कलम ८६ प्रमाणे परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो. पण ते हत्यार पहिल्या दिवशी उगारू नका. परवाना रद्द झाला तर सकाळची एकमेव बसही जाईल. मालकाला बोलवा, आकडे दाखवा, तीस जणांचे महिन्याचे पास आगाऊ देऊ म्हणा. बहुतेक मालक इथेच तयार होतात.

फेरी कागदावरच नसेल, किंवा बस तिठ्यावरून वरच्या वाड्यापर्यंत न्यायची असेल, तर कलम ८० बघा. एरवी मार्ग वाढवणे म्हणजे नवा परवाना मागण्यासारखेच धरतात. पण वाढ २४ किलोमीटरच्या आत असेल तर परवानाधारकाला तसे करावे लागत नाही. मार्गावर एकट्याचीच सेवा असेल आणि तेवढ्याच गाड्यांत फेऱ्या वाढवायच्या असतील तरी तीच सवलत. मार्गाची वाढ मंजूर करताना मात्र परवाना देणाऱ्या प्राधिकरणाची खात्री पटावी लागते, की यात लोकांची सोय आहे आणि वेगळा परवाना देण्याची गरज नाही. तुमची वाड्यावाड्याची मोजणी उपयोगी पडते ती नेमकी या जागी. वरच्या वाड्यात चार घरे असतील तर बसऐवजी रिक्षा किंवा पिवळ्या-काळ्या पायलटचा, म्हणजे दुचाकी टॅक्सीचा, थांबा वाळपईच्या बसच्या वेळेला जोडून मागा. चार घरांसाठी तीस सीटची बस मागितली की बाकीचा अर्जही हलका होतो.

पावसाळ्याचा परिच्छेद वेगळा लिहा. जुलै २०२१ च्या पुरात गुळेली भागातला पैकूळचा पूल वाहून गेला, तेव्हा नकाशावर हाकेच्या अंतरावर असलेली माणसे वळसे घालत फिरली. तुमच्याकडे कोणता कॉजवे पाण्याखाली जातो, कोणता साकव फक्त पायी ओलांडता येतो, तेव्हा बस कुठून माघारी फिरते, हे तारखांसह नोंदवा. दिवाडी-चोडणच्या लोकांना शेवटची फेरीबोट चुकल्यावर काय होते ते ठाऊक असते. ओहोळापलीकडच्या वाड्याचेही पावसाळ्यात तेच होते, फक्त त्याच्या नावापुढे बेट असे लिहिलेले नसते.

आणखी एक काम हातासरशी करा. नवी जनगणना जाहीर झाली आहे: घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, प्रत्यक्ष गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये, संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. प्रगणकाच्या नकाशात धनगरवाडा आणि ओहोळापलीकडची घरे आली आहेत का ते पाहा. नसतील तर वाळपईला मामलेदार कार्यालयात लेखी कळवा. पुढची दहा-पंधरा वर्षे तुमच्या गावाबद्दल सगळे तोच आकडा वापरणार आहेत.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. पहिल्या पानावर वाडावार तक्ता: उघडी घरे, माणसे, तिठ्यापासून अंतर, सकाळी जाणारे तासवार, संध्याकाळी येणारे तासवार. दुसऱ्या पानावर मागणी, एकच: अमुक वाजता वाळपईहून सुटून गावात मुक्काम करणारी बस, सकाळी अमुक वाजता परत. सहा फेऱ्या मागितल्यात तर कोणती द्यावी हे अधिकारी ठरवील, आणि तो त्याच्या सोयीची देईल. सह्यांचे गठ्ठे जोडायची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव पुरे. गोव्यात नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एका रविवारी होते. जुलैची धरलीत तर कागद शाळेच्या वर्षातच हलतो. ठराव झाला की प्रती तीन ठिकाणी द्या: वाहतूक खाते, कदंब महामंडळ आणि तुमचे आमदार. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या, आणि ऑक्टोबरच्या ग्रामसभेत इतिवृत्त वाचून झाल्यावर ते तीन क्रमांक आणि त्यांपुढे आलेले उत्तर सचिवांना मोठ्याने वाचायला सांगा.